123456789 चे अवयव पाडताय? या चुका टाळा

बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. मुलांना अवयव शिकवताना मी हीच संख्या देते, कारण दिसायला एकदम सरळ आणि अडकवते मात्र भरपूर.

सुरुवात सगळ्यांची बरोबर होते. अंकांची बेरीज 45, म्हणजे 9 ने भाग जातो. (1 ते 9 अंक कसेही उलटसुलट मांडा, बेरीज 45 च, त्यामुळे त्यातली एकही संख्या मूळ नसते.) पण मग काहीजण हीच कसोटी 27 ला पण लावतात, ते चालत नाही. 1899 बघा, बेरीज 27 आहे पण 27 ने भागलं तर बाकी 9 उरते. बेरजेची ट्रिक फक्त 3 आणि 9 साठी.

9 ने भागल्यावर उरतात 13717421, आणि सगळ्यात मोठी चूक इथे होते. 7, 11, 13 करत शंभरपर्यंत जातात, कशानेच भाग जात नाही, म्हणून लिहून टाकतात की ही मूळ संख्या. अरे, वर्गमूळ काढा ना आधी! ते येतं 3703 च्या थोडं पुढे, म्हणजे 3703 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायला हव्यात, त्या पाचशेच्या वर आहेत, आणि पहिला भाग जातो तो थेट 3607 ने.

मग हाताने करायचंच नाही का? करायचं, पण वेगळ्या वाटेने, आणि ही वाट मला फार आवडते. 17व्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत आहे. वर्गमूळाच्या लगेच वरची संख्या घ्या, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा आणि उरलं ते पूर्ण वर्ग आहे का बघा. 3704 चा वर्ग घेतला तर उरतात 2195, हा वर्ग नाही. 3705 घेतला तर उरतात 9604, आणि हा 98 चा वर्ग! म्हणजे अवयव 3705 − 98 आणि 3705 + 98, म्हणजेच 3607 आणि 3803. दोन पायऱ्यांत काम झालं! दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच इतकं पटकन सुटतं हे मात्र लक्षात ठेवा.

आता विभाजक किती? 3² × 3607 × 3803, म्हणून प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणायचं, 3 × 2 × 2 = 12. घाईत 2 चा चौथा घात करून 16 लिहितात, तो 3 दोनदा आलाय हे विसरून.

आणि पडताळा एक्सेलमध्ये करत असाल तर जपून. तिथे 15 च अंक नेमके राहतात. 111111111 चा वर्ग 12345678987654321 आहे, एक्सेल शेवटी 21 ऐवजी 00 दाखवतं. पायथॉनमध्ये करा, तिथे पूर्ण संख्या कितीही लांब चालते. तेही नसेल तर निदान एकक स्थान बघा, 1 ने संपणाऱ्या संख्येचा वर्ग 1 नेच संपतो, तिथे 0 दिसला की उत्तर कापलं गेलंय.