प्रेशर येत नाही? टाकी किंवा मोटार बदलण्याआधी या चुका टाळा

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा भागात गच्चीवर मोठी टाकी हवीच, त्यावर वाद नाही. पण ५०० लिटरची काढून २००० लिटरची बसवली की शॉवर जोरात येईल, ही समजूत सोडा. टाकीनं साठा वाढतो. दाब ठरतो तो टाकीतलं पाणी तोटीपेक्षा किती उंच आहे यावर, दर १० मीटरला साधारण १ किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर एक किलोचा भार). शॉवरपासून पाण्याची पातळी अडीच मीटर वर असेल, तर तुमच्या हाती पाव किलोच.

म्हणून आधी तोटीजवळ दाब मोजायचं गेज लावा. सगळ्या तोट्या बंद करून काटा बघा. उंचीच्या हिशेबाइतका असेल आणि तोटी उघडल्यावरही फारसा पडला नाही, तर पाइपचा दोष नाही, टाकी आणखी उंचावर न्या किंवा प्रेशर पंप घ्या. तोटी उघडताच काटा झपकन पडला, तर पाइप बारीक आहे, नाहीतर आत क्षार धरलाय. थांबलेल्या पाण्याला पाइपच्या जाडीशी देणंघेणं नसतं, वाहत्याला असतं. ठिबकचंही तेच. ड्रिपर सहसा १ किलोला धरून बनवतात आणि आपण टाकी ठेवतो तीन मीटरच्या स्टँडवर. शेवटच्या झाडाला पाणी कुठून पोचणार?

खरा खर्च वाया जातो तो विहिरीवर. एप्रिलात पाणी खाली गेलं, काठावरचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेला) पाणी धरेना, की लोक तीनच्या जागी पाच एचपीची मोटार आणतात. दुकानदार कशाला नको म्हणेल! मोटार पाणी ओढत नाही. ती पाइपातली हवा कमी करते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रकाठी हा दाब फार तर १०.३ मीटर पाणी पेलतो, आपल्या पठारावर आणखी कमी. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच धरा. त्यापुढे एचपी वाढवून उपयोग शून्य. मोटार विहिरीत खाली पाण्याजवळ उतरवा, किंवा सबमर्सिबल टाका.

पाणी सहा मीटरच्या आत असूनही मोटार हवा धरत असेल, तर सक्शनचे, म्हणजे विहिरीतून मोटारीपर्यंत येणाऱ्या पाइपचे सांधे तपासा. तिथून पाणी गळताना दिसणार नाही, कारण तिथं हवा आत शिरते. सांध्यांवर ओली माती लिंपून बघा, फरक पडला तर दोष सापडला. दर वेळी पाणी भरावं लागत असेल तर त्या पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह उघडून आतला कचरा काढा.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत पाणी बिनपंपाचं भिंतीवर चढून खाली कोसळतं. लोक याला जादू म्हणतात. उगम डोंगराकडे, त्या भिंतीपेक्षा उंचावर आहे, एवढंच.

जोडलेलं पाणी दोन्हीकडे सारखीच पातळी गाठू बघतं. मिस्त्रीचा लेव्हल पाइपही (पातळी जुळवायचा पाण्यानं भरलेला पारदर्शक पाइप) याच नियमावर चालतो. खुणा करण्याआधी त्यात बुडबुडा नाही ना, हे बघा आणि दोन्ही टोकांवरचे अंगठे काढायला लावा. एका टोकाला अंगठा राहिला तर पाणी समपातळीत येत नाही, आणि पुढं फरशीचा उतार मोरीऐवजी उंबऱ्याकडे जातो.