भाड्यानं फिरलेली गाडी घेताना

२२ मे २०२० रोजी हर्ट्झ या अमेरिकेतल्या गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, ताफ्यातल्या गाड्या धडाधड विक्रीला निघाल्या आणि न्यू जर्सीतल्या ओळखीच्या पोरांचे मला फोन सुरू झाले, "काका, घेऊ का?" घ्या की! पण मातीमोल भावाची आशा धरू नका. हा अर्ज अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर ११ खालचा, आणि चॅप्टर ११ म्हणजे दुकानाला टाळं नव्हे. कंपनी चालू राहते. हर्ट्झ २०२१ मध्ये त्यातून बाहेरही पडली.

आधी काचेवरचा 'बायर्स गाइड', म्हणजे वॉरंटी आहे की नाही ते सांगणारा कागद, वाचा. 'अ‍ॅज इज' (जशी आहे तशी) यावर खूण असेल तर पुढची दुरुस्ती तुमच्या खिशातून. उत्पादकाची मूळ वॉरंटी उरली आहे का, तेही विचारा. व्हिन, म्हणजे गाडीचा १७ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, एनएचटीएसए या अमेरिकी सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकून रिकॉल (दोषामुळे उत्पादकानं दुरुस्तीला परत बोलावलंय का) तपासा, फुकट आहे. कारफॅक्स, म्हणजे गाडीच्या जुन्या नोंदींचा अहवाल, बघा, पण त्यावर विसंबू नका. भाडे कंपन्या पुष्कळदा नुकसान स्वतःच भरून काढतात. विम्याचा दावाच नाही, तर नोंद कुठून होणार?

म्हणून बॉनेट उघडा. फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टांवरचा रंग खरवडलेला दिसला, तर तिथे पाना लागलाय. का, ते विचारा. टायरवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मी सरळ पुढच्या गाडीकडे वळतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करून ऐका. आणि बाहेरच्या मेकॅनिकला गाडी दाखवू देत नसतील, तर किल्ली परत द्या.