जुनी कुकिंग रेंज काढून नवी बसवताना

"वास येत नाही ना? मग झालं!" नवी रेंज बसवून झाली की कुणीतरी हे म्हणतंच, आणि मला दर वेळी चीड येते. घरच्या, नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या मिळून मी बऱ्याच रेंज बदलल्या आहेत. ओढाताणीचं काम कुणालाही जमतं. घात होतो तो गॅसच्या जोडाशी.

मापं तुम्ही घेतलेली असतीलच. रेंज तुमच्याकडच्या गॅससाठी आहे का, एवढं मात्र पुन्हा पाहा. सिलिंडरमधल्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूच्या अडीच ते तीन पट उष्णता असते, म्हणून त्याच्या जेटची, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोंडाची, भोकं बारीक असतात. नैसर्गिक वायूचे जेट ठेवून सिलिंडर जोडला तर ज्योत भडकते आणि भांडी काळी होतात. जेट बदलल्याशिवाय अशी रेंज पेटवू नका.

जुनी रेंज काढायची तर मुख्य कॉक बंद करा, एक बर्नर पेटवून नळीत उरलेला गॅस जळू द्या, प्लग काढा. खाली जाड पुठ्ठा सरकवून दोघांनी मिळून ओढा. मागचा तेलकट थर लगेच खरवडून घ्या, नंतर तिथे हात पोचत नाही.

आता जोड. काही ठिकाणी हे काम परवानाधारक माणसानेच करायचं असा नियम असतो. तसा असेल तर त्यालाच बोलवा, पण शेजारी उभं राहून पुढचं सगळं तो करतोय का ते पाहा.

जुनी नळी पुन्हा वापरायची नाही. "चांगली तर आहे" हे ऐकून घेऊ नका. वर्षानुवर्षं एकाच वळणात राहिलेली नळी दुसऱ्या बाजूला वाकवली की तिथेच चिरते, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. नट कसताना दोन पाने हवेत: एकाने कॉक घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर नटाबरोबर भिंतीतला पाइपही फिरतो आणि आतला जोड सैल होतो. आट्यांवर गुंडाळायची टेप फक्त निमुळत्या आट्यांवर, तीही गॅससाठीचीच. ज्या जोडात वॉशर असतो किंवा धातूचं तोंड धातूवर बसतं, तिथे टेप लावली तर जोड नीट बसतच नाही.

मग कॉक उघडा, बर्नर सगळे बंद ठेवा आणि भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. मिनिटभर टक लावून पाहा. बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश फुगतो. काडी पेटवून पाहणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरातून बाहेर काढा.

इथपर्यंत बहुतेक जण करतात. मीही केलं होतं. साबणाचा एकही बुडबुडा आला नाही, मी समाधानाने रेंज मागे ढकलली आणि कामाला लागलो. दोन दिवसांनी खालचा ड्रॉवर ओढला तेव्हा जमिनीलगत वास आला. ढकलताना नळीला पीळ बसला होता आणि त्या पिळाने नट किंचित उलटा फिरला होता. उभ्याने आम्हाला काहीच जाणवलं नव्हतं, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो आणि आपलं नाक वर असतं. शिवाय सतत येणाऱ्या वासाला नाक थोड्याच वेळात सरावतं. त्या दोन दिवसांत घरात लहान मूल रांगत होतं, ही गोष्ट मी विसरू शकलेलो नाही.

म्हणून माझा आग्रह आहे: खरी तपासणी रेंज जागेवर गेल्यानंतरची. नळी पीळ न देता सैल वळणात ठेवा, एकाने हळूहळू ढकलावं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन नळीकडे पाहावं. मग खालचा ड्रॉवर किंवा शेजारचं कपाट उघडून पुन्हा साबणपाणी लावा. पाइपचा गॅस असेल तर घरातली गॅसवरची सगळी उपकरणं बंद ठेवून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि १५ मिनिटांनी पाहा, तो जराही हललेला नको. गळती दिसली तर कॉक बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. सगळं ठीक असेल तर जोडावरचा साबण ओल्या फडक्याने पुसून टाका, तो पितळेवर राहू देऊ नये.

रेंज समतल करा. सोबत आलेली उलटू न देणारी पट्टी भिंतीला किंवा जमिनीला स्क्रूने लावाच. पुष्कळ जण ती खोक्यातच टाकून देतात. ओव्हनच्या उघड्या दारावर मूल चढलं तर अख्खी रेंज उकळत्या भांड्यांसकट पुढे कलंडते.

ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी असेल तर हवा कमी पडते आहे, अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हवेची झडप नीट करून घेईपर्यंत तो बर्नर वापरू नका. ओव्हन पहिल्यांदा रिकामाच अर्धा तास तापवा, खिडक्या उघड्या ठेवून. नव्या पत्र्यावरच्या तेलाचा धूर तेवढ्यात निघून जातो.