कॉलेजातली रहस्यकथा लिहायची, तर आधी वेळापत्रक काढा

मी २६ वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. निवृत्त झाल्यावर कॉलेजातच घडणारी कोझी मिस्टरी, म्हणजे रक्तपात न दाखवणारी, हौशी माणसाने उलगडलेली रहस्यकथा, लिहायला घेतली. पहिला खर्डा एका जुन्या सहकारी बाईंना वाचायला दिला. चौथ्या प्रकरणाशी थांबून त्या म्हणाल्या, "अगं, पण त्या वेळी हा तर वर्गावर होता ना?" माझा गुन्हेगार एकाच तासाला साठ मुलांना शिकवत होता आणि प्रयोगशाळेचं कुलूपही उघडत होता! दीडशे पानं बाजूला ठेवली आणि नव्याने सुरुवात केली, ती वेळापत्रकापासून.

तुम्हीही तिथूनच सुरू करा. कोण कुठल्या तासाला कुठे असायला हवं, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत असतं, आणि जिथे असायला हवं तिथे माणूस नसेल तर तेवढ्यातच गोष्ट असते. मोठ्या कागदावर गुन्ह्याच्या दिवसाचे तास आडवे आणि पात्रं उभी मांडा. प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी लिहा: तो माणूस कुठे होता आणि आपण कुठे होतो म्हणून त्याने सांगितलं. निरपराध माणसांनाही एखादं खोटं बोलू द्या. कुणी नोकरीच्या मुलाखतीला गेलेलं असतं, कुणी जिन्यात रडत बसलेलं असतं. शेजारी आवाराचा नकाशा काढा, अंतरं मिनिटांत लिहा.

काळ मी परीक्षेआधीच्या वाचनाच्या सुट्टीचा निवडते. वर्ग ओस पडलेले, ग्रंथालय मात्र भरलेलं. शिवाय परीक्षा संपली की सगळे पांगणार, म्हणजे उलगड्याची मुदत आपोआप ठरते.

खून हवाच, असं नाही. इंग्रज रहस्यकथा-लेखिका डोरोथी सेयर्स यांची १९३५ची कादंबरी 'गॉडी नाइट' ऑक्सफर्डमधल्या एका काल्पनिक महिला कॉलेजात घडते. तिच्यात निनावी पत्रं आहेत, नासधूस आहे, पण खून नाही. तरी जीव टांगणीला लागतो. खून ठेवलात तर तो पडद्याआड होऊ द्या. रक्ताची वर्णनं या प्रकारात नकोतच. हेतू मात्र खरा हवा. बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल ते आत जिवावरचं असतं: दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेलं प्रकरण, विभागप्रमुखाची खुर्ची, शिष्यवृत्तीच्या निधीतली अफरातफर.

शोध घेणारी व्यक्ती हौशी असते. ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक किंवा वसतिगृहाच्या रेक्टरबाई चांगल्या, कारण त्यांच्याकडे किल्ल्या असतात आणि सगळ्यांशी बोलायला निमित्त असतं. विद्यार्थी घेतलात तर तो स्टाफरूममध्ये कसा शिरणार, हे आधी सोडवा. पोलिसांना मूर्ख ठरवू नका. ती हलकी युक्ती आहे. त्यांना फक्त कॉलेजच्या सवयी माहीत नसतात.

आता धागेदोरे. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण कॉलेज म्हणजे नोंदींचं घर. पुस्तकांच्या देवघेवीची वही, प्रयोगशाळेतल्या फुटतुटीची वही, किल्ल्या नेल्याच्या सह्या, हजेरीपट. माझ्या कथेत प्राध्यापकांचा मृत्यू मंगळवारी होतो आणि त्यांच्या नावावरचं पुस्तक परत आल्याचा शिक्का बुधवारचा असतो. मग ते परत केलं कुणी? ही नोंद मी दहाव्या पानावर दिली, पण एका विद्यार्थिनीच्या दंडावरून चाललेल्या भांडणाच्या मधोमध. वाचकाचं लक्ष भांडणावर राहतं. धागा लपवायची माझी रीत हीच: तो पूर्ण दाखवायचा आणि लगेच त्याहून गरम काहीतरी समोर आणायचं. यादीत ठेवायचा असेल तर मधे ठेवा, शेवटी कधीच नको.

इंग्रज रहस्यकथा-लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. काही आता जुने झालेत, पण दोन मी भिंतीवर लावलेत: गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच भेटला पाहिजे, आणि शोधणाऱ्याला सापडलेला धागा लगेच वाचकालाही दिसला पाहिजे. हे मोडलंत तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं बरोबरच असतं.

लिहून झालं की शेवटची दोन प्रकरणं काढून घ्या आणि बाड पाच जणांना द्या. प्रत्येकाने संशयिताचं नाव आणि संशय कुठल्या पानावर आला, ते चिठ्ठीवर लिहायचं. पाचही चिठ्ठ्यांवर खरं नाव असेल तर धागा फार उघडा पडलाय. एकावरही नसेल तर उरलेली प्रकरणं द्या आणि तो धागा मागच्या पानांत बोट ठेवून दाखवायला सांगा. नाहीच सापडला, तर दहाव्या पानावर परत जा आणि तो शिक्का थोडा ठळक करा.