समेवर पान: त्रितालाच्या तिहाईवर पत्त्यांचा प्रयोग कसा करावा

पत्त्यांच्या प्रयोगाला संगीताची जोड द्यायची म्हटले की मागे एखादे गाणे लावून पाने पिसण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्या सल्ल्याने काहीही साधत नाही, कारण गाणे बंद केले तरी प्रयोग जसाच्या तसा चालतो. येथे सांगितलेला प्रयोग तालावरच उभा आहे: प्रेक्षकाने निवडलेले पान तिहाईच्या (तीनदा म्हटलेल्या तबल्याच्या बोलाच्या) शेवटच्या ‘धा’वर, म्हणजे समेवर, तालाच्या फेरीच्या पहिल्या ठोक्यावर उघडते. तो सांगली-मिरजेत करायचा असेल तर अधिकच जपून करावा. ज्या मिरजेत तंबोरे आणि सतारी घडतात, जेथील दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते, तेथील प्रेक्षकांत मांडीवर ताल धरणारे कोणी ना कोणी असतेच, आणि मात्रा (तालाचा एक ठोका) चुकली की पान चुकण्याआधी त्यांना ती कळते.

हिशेब असा आहे. त्रितालाच्या मात्रा १६, म्हणून पुढची सम १७ व्या मात्रेवर येते. ‘तिट कत गदि गन धा’ हा बोल ५ मात्रांचा आहे. तो तीनदा म्हणायचा आणि दोन बोलांच्या मध्ये एकेक मात्रा मोकळी सोडायची: ५, १, ५, १, ५, एकूण १७. समेपासून सुरुवात केली की पहिला ‘धा’ पाचव्या मात्रेवर, दुसरा अकराव्या आणि तिसरा थेट समेवर पडतो. म्हणून निवडलेले पान वरून सतरावे असले पाहिजे.

ते तेथे नेणे सोपे आहे. निवडीसाठी पाने पसरताना चार-चार करून वरची १६ पाने मनात मोजावीत. त्रितालाचे चार विभाग मनात म्हटले की मोजणी चुकत नाही. सोळाव्या पानाखाली करंगळीचे टोक ठेवावे आणि मगच ‘आता ओढा’ असे म्हणावे. पान पाहून झाले की वरची १६ उचलून ते त्यांच्याखाली परत घ्यावे. नंतर कॅटचा खालचा साधारण अर्धा भाग काढून प्रेक्षकाला पिसायला द्यावा आणि पुन्हा खालीच ठेवावा. एकंदर ५२ पैकी खालच्या ३५ पानांना कोणीही हात लावला तरी आपल्या पानाला धक्का लागत नाही. निवडलेल्या पानाचे नाव प्रेक्षकाला याच वेळी, मांडणी सुरू होण्यापूर्वी, मोठ्याने सांगायला लावावे.

आता मांडणी. प्रत्येक मात्रेला एक पान टाकायचे. बोलाची पाने उघडी, मोकळ्या मात्रेचे पान पालथे. एका बोलाची एक ओळ करावी, म्हणजे तिन्ही ‘धा’ एकाखाली एक येतात आणि तिसऱ्याची जागा प्रेक्षकाला आधीच दिसू लागते.

खरी अडचण मोकळ्या मात्रेची आहे. मलाही या एका जागेने फार काळ अडवले, आणि बहुतेकांचा प्रयोग येथेच फसतो. तोंड थांबले की हातही थांबतो, पान टाकायचे राहून जाते, आणि दोन्ही मोकळ्या जागी असे झाले तर समेवर सतराव्याऐवजी पंधरावे पान उघडते. यावर एक उपाय सर्रास सांगितला जातो: मोकळ्या मात्रेला पान टाकूच नये, निवडलेले पान पंधरावेच ठेवावे. हा उपाय मी कधीही स्वीकारणार नाही. त्यात हात दोनदा निष्क्रिय राहतो, त्या क्षणी लय सैल होते, आणि मोकळी मात्रा हीदेखील मात्राच आहे ही तिहाईची मूळ गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून नाहीशी होते. न बोललेली मात्रा पालथ्या पानाच्या रूपाने दिसणे, यातच या प्रयोगाचे सौंदर्य आहे.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. पालथे पान टाकायला उघड्या पानापेक्षा कमी वेळ लागतो, कारण ते उलटावे लागत नाही; त्यामुळे हात लवकर रिकामा होतो आणि पुढचा बोल घाईने सुरू होतो. म्हणून पालथे पान मुद्दाम लांबून, कालाची, म्हणजे टाळी न देण्याची, मात्रा दाखवताना हात बाहेर नेतो तसा हात फिरवून ठेवावा, म्हणजे दोन्ही हालचालींना सारखाच अवधी लागतो. सराव आधी पत्त्यांशिवाय, हाताने टाळी आणि काल दाखवत बोल म्हणून करावा. नंतर सगळीच पाने पालथी टाकून. आणि लय मोडत नाही अशी खात्री झाल्यावरच उघडी-पालथी मिसळावीत. मिनिटाला ६० मात्रांची लय पुरेशी आहे. प्रत्येक वेळी टेबलावर १५ उघडी आणि २ पालथी पाने आहेत ना, हे मोजून पाहावे. घरच्या माणसांसमोर हा हिशेब सलग जमू लागेपर्यंत तो बाहेर करू नये.

शेवटच्या ‘धा’पूर्वी थांबू नये. उत्कंठेसाठी तेथे विराम घ्यावा असे सांगणारे पुष्कळ भेटतील, पण दोनदा बोल ऐकलेल्या प्रेक्षकाची उत्कंठा तिहाईनेच तयार केलेली असते, आणि थांबलो की सम हातची जाते. सतरावे पान इतर पानांच्याच गतीने उघडावे.

तबल्याची साथ मिळत असेल तर अवश्य घ्यावी. मात्र वादकाला आधीच सांगावे की साधा ठेका (तालाचे ठरलेले मूळ बोल) धरावा, मोकळ्या मात्रा भरू नयेत आणि शेवटच्या ‘धा’वर आपल्याबरोबर यावे. पहिले पान समेवरच पडले पाहिजे, म्हणून दोन आवर्तने (तालाच्या पूर्ण फेऱ्या) ठेका ऐकून घ्यावा आणि मगच हात पुढे करावा.