खुनी आधी ओळखायचाय? ब्रिटिश डिटेक्टिव्ह कादंबरी अशी वाचा

'छ्या, हे ओळखणं शक्यच नव्हतं!' असं म्हणत पुस्तक मिटणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते दोन महिने, रोज चार-चार पानं करत वाचलेलं असतं. तिसऱ्या प्रकरणातला माळी तेराव्या प्रकरणापर्यंत कोणाच्या लक्षात राहणार? दोन-अडीचशे पानांची कादंबरी आठवड्यात संपवायची, म्हणजे रोज पस्तीस-चाळीस पानं. एवढं जमणार नसेल तर सरळ कथा घ्या.

१. सुरुवात कुठून करायची

शेरलॉक होम्सच्या 56 कथा आणि 4 कादंबऱ्या आहेत. 1892 सालचा 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' हा 12 कथांचा संग्रह इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतो. एका बैठकीला एक कथा पुरे. मात्र इथे होम्सच्या आधी उत्तर काढायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या हाती लागलेला पुरावा अनेकदा आपल्याला शेवटीच दिसतो. तमाशा बघावा तसं बघायचं.

खरा डाव मांडला जातो तो 1920 ते 1940 या काळात. रोनाल्ड नॉक्स या लेखकाने 1929 मध्ये दहा नियमच लिहून काढले: गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, गुप्त भुयार एकाहून जास्त नको, डिटेक्टिव्हला मिळालेला पुरावा वाचकापासून लपवायचा नाही. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डिटेक्शन क्लब ही रहस्यकथा लेखकांची संघटना निघाली. या काळातलं पहिलं पुस्तक म्हणून अगाथा ख्रिस्तीची 'पेरिल अ‍ॅट एंड हाउस' (1932) चांगली. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (1868) सुंदर आहे, तिच्यातला हिरा 1799 मध्ये श्रीरंगपट्टणहून लुटून नेलेला आहे, पण ती जाडजूड आणि संथ आहे. पहिल्या फटक्यात नकोच.

२. रहस्य फुटू देऊ नका

अभिजात आवृत्त्यांच्या प्रस्तावना अभ्यासकांनी लिहिलेल्या असतात आणि खुशाल शेवट सांगून टाकतात. त्या नंतर वाचा. ख्रिस्तीच्या प्वारो या डिटेक्टिव्हच्या कादंबऱ्या कुठूनही वाचल्या तरी चालतात, पण 'डम विटनेस' (1937) मध्ये आधीच्या चार पुस्तकांतल्या खुन्यांची नावं सहज बोलण्यात येऊन जातात, म्हणून ती मागे ठेवा. 'कर्टन' ही प्वारोची शेवटची केस, ती अगदी शेवटी.

विकत घेताना आणखी एक काळजी: अमेरिकेत नावं बदलली गेली आहेत. 'लॉर्ड एजवेअर डाइज' आणि 'थर्टीन अ‍ॅट डिनर' हे एकच पुस्तक. दोन्ही घेऊन फसलेले लोक आहेत.

३. वहीचं एक पान

पाच रकाने आखा: नाव, मयताशी नातं, मृत्यूने फायदा काय, खुनाच्या वेळी कुठे होता आणि *हे कोणी सांगितलं*. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'दहा वाजता साहेब अभ्यासिकेत होते' असं बटलर म्हणतो, तेव्हा त्याने खरं तर दाराखालून येणारा उजेड पाहिलेला असतो. वहीत 'दिवा चालू होता' एवढंच लिहा.

नावांचा घोळ होतोच. 'सर' पहिल्या नावाला लागतं, म्हणून होम्सच्या कादंबरीतला हेन्री बास्करव्हिल हा 'सर हेन्री', पण अशा माणसाची बायको आडनावाने 'लेडी अमुक' होते. दोन्ही नावं एकाच ओळीत टिपा. वाचनालयाचं पुस्तक असेल तर पेन्सिल लावू नका, कागदाच्या चिठ्ठ्या घाला.

४. यादीचा मधला भाग

धागा बहुतेक वेळा उघड्यावर ठेवलेला असतो, फक्त गर्दीत. समजा असं वाक्य आहे: 'टेबलावर चष्मा, अर्धवट विणलेला मफलर, ताजी शाई भरलेली दौत, कालचं वर्तमानपत्र आणि रक्ताने माखलेली सुरी होती.' नजर सुरीवर जाते. आता विचारा, या घरात पत्र कोण लिहीत होतं आणि ते पत्र गेलं कुठे? यादी आली की मधल्या वस्तू मोठ्याने वाचा. विनोदी प्रसंग आणि मोलकरणीची बडबडही अशीच सावकाश वाचायची. आपण तिथेच भरभर पुढे जातो, हे लेखकाला पक्कं ठाऊक असतं.

५. थांबा

डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, किंवा 'आता सगळं लक्षात आलं' म्हणतो, तिथे पुस्तक बंद. साधारण तीस-चाळीस पानं उरलेली असतात. कोणी, कसं, का हे तीन ओळींत लिहा आणि आपल्या उत्तरात न बसणाऱ्या गोष्टीही लिहा. तशा दोनहून जास्त उरल्या तर उत्तर चुकलं आहे असं समजून मागे जा. नुसतं 'मला त्या डॉक्टरचा संशय होता' हे धरायचं नाही. संशय सगळ्यांचाच येतो.

६. जुना काळ, जुने हिशेब

1971 पर्यंत 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगचा पौंड होता. मृत्युपत्रातले आकडे वाचताना आजचा पौंड मनात आणू नका. खुनाला 1965 पर्यंत फाशी होती. जुन्या कादंबऱ्यांत खऱ्या खुन्याचं नाव कळेपर्यंत निरपराध माणसाचा जीव टांगणीला असतो तो यामुळे.

७. अलीकडची पुस्तकं

इथे वही बाजूला ठेवली तरी चालेल. पी. डी. जेम्सचा पोलीस अधिकारी डॅलग्लिश (1962 पासून) किंवा इयान रँकिनचा एडिंबरातला पोलीस अधिकारी रीबस (1987 पासून) वाचताना खुन्याइतकंच शहर, पोलीस ठाणं आणि त्या माणसाचं वाढतं वय महत्त्वाचं असतं. म्हणून या मालिका क्रमानेच वाचा. रीबस तर पुस्तकागणिक म्हातारा होत जातो. हुद्दे लक्षात ठेवा: कॉन्स्टेबल, सार्जंट, इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर, सुपरिंटेंडंट. जुना डाव नव्या कपड्यांत हवा असेल तर अँथनी होरोविट्झची 'मॅगपाय मर्डर्स' (2016) घ्या. तिच्यात कादंबरीच्या पोटात आणखी एक कादंबरी आहे, तेव्हा वहीची दोन पानं आखून बसा.