उपवासकाळात सेवेचा नेम कसा धरावा

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या दिवसांतून रविवार वगळले की उपवासकाळाचे 40 दिवस उरतात. या दिवसांत मांसाहार, गोडधोड किंवा चहा सोडण्याची रीत अनेक ख्रिस्ती घरांत आहे. या त्यागात प्रीती उतरावी असे वाटत असेल, तर काय सोडायचे याआधी कोणासाठी सोडायचे हे ठरवावे. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाच्या 58व्या अध्यायात परमेश्वराला आवडणारा उपवास वर्णिला आहे, त्यात भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याबरोबरच आपल्या रक्तामांसाच्या माणसांपासून तोंड न लपवणेही आले आहे.

म्हणून पूर्ण काळासाठी एकच माणूस निवडावा, आणि घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तर दुसरीकडे शोधायला जाऊ नये. आईवडिलांच्या उपयोगी पडले असते ते ‘देवाला अर्पण केले’ असे सांगून जबाबदारीतून सुटणाऱ्यांना प्रभू येशूने कडक शब्दांत दोष दिला, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात वाचायला मिळते. चर्चमधल्या प्रत्येक भक्तीला हजर राहणाऱ्या, पण आजारी सासूजवळ दहा मिनिटे न बसणाऱ्या माणसासाठी तो उतारा आहे, असे मला मनापासून वाटते.

निवडलेल्या व्यक्तीला तिची अडचण काय आहे ते विचारावे, कारण आपल्याला जे द्यावेसे वाटते आणि तिला जे हवे असते त्यांत पुष्कळदा अंतर असते. मग सोडलेल्या गोष्टीमुळे मोकळ्या झालेल्या वेळेतून एक ठरावीक काम अंगावर घ्यावे. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, त्यामुळे पाठीला व टाचांना जखमा होण्याचा धोका कमी होतो. रात्रीची एक पाळी घेतली, तरी घरातल्या दुसऱ्या कोणाला सलग झोप मिळते. भरवताना रुग्णाला टेकून बसवावे, घास लहान घ्यावा आणि आधीचा गिळून होईपर्यंत थांबावे. या थांबण्यातच प्रार्थना करता येते, आणि माझ्या मते उपवासकाळातली सर्वांत खरी प्रार्थना तीच असते.

योहानाच्या 13व्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा त्यांच्यातल्या पेत्राने आधी नकार दिला. सेवा करून घेणे किती अवघड जाते हे त्यातून कळते, म्हणून घाई, त्रागा किंवा उपकाराची भाषा कटाक्षाने टाळावी. शिवाय जे त्या व्यक्तीला स्वतः करता येते ते तिच्याकडून काढून घेऊ नये. पंडिता रमाबाईंनी 1896–97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना नुसते पोसले नाही, तर छापखान्यापर्यंतची कामे शिकवून उभे केले. घरातही आजींना लसूण सोलता येत असेल, तर तो त्यांनाच सोलू द्यावा.

केलेल्या सेवेची वाच्यता करू नये. मत्तयाच्या 6व्या अध्यायात उपवास करणाऱ्याने तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून वावरावे, म्हणजे आपला उपवास लोकांना दिसू नये, असे सांगितले आहे.

एकट्याने सगळा भार उचलणे म्हणजेच त्याग, ही समजूत मात्र सोडून द्यावी. येशूने सांगितलेल्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देऊन, जास्त खर्च परत येताना फेडीन असे सांगून तो आपल्या वाटेला लागला. भावंडांत पाळ्या लावणे, परवडत असेल तर मदतनीस ठेवणे, आपल्या पाळकांना किंवा धर्मगुरूंना अडचण सांगणे यात प्रीती उणी होत नाही. मारहाण किंवा छळ सोसणे हा तर या नेमाचा भागच नव्हे. तेथे सुरक्षित जागी जावे आणि मदत मागावी.

ईस्टरनंतर सोडलेला चहा खुशाल सुरू करावा. ठरलेल्या वेळेला मात्र ती व्यक्ती आपली वाट पाहू लागलेली असते, तेव्हा वेळ बदलायची असल्यास तिला काही दिवस आधी सांगावे आणि तिच्याजवळ त्या वेळी कोण बसणार हे ठरवूनच आपला नेम बदलावा.